चेहरा नंतर, भाजणी आधी

संपादक महोदय,

लघुउद्योजकांनी ‘स्वतःचा ब्रँड’ घडवावा, असा सल्ला हल्ली जो उठतो तो देतो. शनिवार पेठेत मी थालीपीठाची भाजणी नि मेतकूट विकते. परवा एका शिबिरात मलाही सांगितलं, रोज रील टाका, चेहरा दिसू द्या. टाकीन की! पण धने करपले तर अख्खी भाजणी कडू होते. कढईत उलथनं फिरवताना मोबाइल धरायचा कुणी? पाकिटावर दळल्याची तारीख मी हातानं लिहिते. गिऱ्हाईक आधी ती बघतं, मग माझ्याकडे. चितळ्यांचं नाव तर दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवूनही झालं (२०१७ पासून उघडं असतं म्हणा).

शिबिरात एक गोष्ट मात्र कुणी काढलीच नाही: ट्रेडमार्क, म्हणजे आपल्या नावाची कायदेशीर नोंदणी. लहान उद्योजकाला ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात, नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. उद्या आपल्याच नावाचं पाकीट दुसऱ्या पेठेत कुणी विकायला लागलं, तर फॉलोअर काय कामाचे? जिल्हा उद्योग केंद्रानं हा अर्ज मराठीतून समजावणारे वर्ग पेठांमध्ये घ्यावेत. सकाळी नकोत, तेव्हा आमची भाजाभाजी असते.

– एक भाजणीवाली, शनिवार पेठ, पुणे