पदकाची कड वाचा

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) गेलेल्या शिपायांची पदके कोल्हापूर परिसरातल्या कित्येक घरांत अजून ट्रंकेत पडून आहेत. चांदीचे असते ते साधारण पावणेतीन तोळ्यांचे: एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही साले. तसेच कांशाचे निघाले तर ते बहुधा मजूर किंवा पलटणीबरोबरच्या सेवकाचे. भाव नाही म्हणून टाकू नका.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, वजन करायला नेण्याआधी कड बघा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कडेवरच ठोकलेले असते. चिंच-रांगोळीने घासू नका, अक्षरे उथळ असतात, ती झिजतात. बॅटरीचा उजेड तिरपा पाडा. नाहीच लागले तर पातळ कागद गुंडाळून वरून पेन्सिल फिरवा.

नंबर पलटणीनुसार असायचे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणींत एकच नंबर सापडू शकतो, म्हणून नंबर आणि पलटण दोन्ही एकत्र उतरवा. १९२२ मध्ये पलटणींची नावे बदलली, त्यामुळे कडेवरचे नाव आजच्या यादीत दिसत नाही. युद्धस्मारक आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर फक्त मृतांची नोंद मिळते. परतलेल्यांची तिथे शोधत बसू नये. गावांची स्पेलिंगे तर साहेबाच्या कानावर! तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली, शिपायांचे मात्र पलटणवार आकडेच.

– एक वाचक, कोल्हापूर