दादाची बाटली

सातपूर, नाशिक

प्रिय मन्या,

परवा तू फोनवर विचारलंस, "दादा बरा आहे ना?" आणि मी "हो रे, मस्त" म्हणून मोकळा झालो. आई शेजारीच बसली होती. खरं ते आता लिहितो.

दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी पार खचतं, असा मानसिक आजार. चार वर्षं झाली, लिथियम चालू आहे. गोळ्या तांदळाच्या पिंपामागे एका जुन्या डब्यात असतात, आणि स्ट्रिपवरचं नाव आईनं नखानं खरवडून टाकलेलं. सुमीला बघायला येणारे पाहुणे काय पिंप हलवून बघणार आहेत? पण आईला सांगणार कोण!

मे महिन्यात मात्र जिवावर बेतलं. दादा कंत्राटदाराकडून भट्टीवर कामाला जातो. लिथियमचं सगळं गणित पाण्यामिठावर. घाम फार गेला, पाणी कमी पडलं, की औषध रक्तात साठत जातं. एका दुपारी हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, तोल जायला लागला. सुपरवायझर म्हणाला, "टाकून आलाय," आणि गेटाबाहेर काढलं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माझ्या भावानं तेही कबूल केलं! रात्री सलाइन लावलेलं असताना मला म्हणतो, "दारुड्याला परत कामावर घेतात रे. वेड्याला नाही घेत."

खरं तर रक्ताची तपासणी तेव्हा व्हायलाच हवी होती. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, म्हणजे दिवसाचा खाडा. त्यानं ती दोनदा टाळली होती.

आमच्या गंगापूर रोडच्या ऑफिसातले एक साहेब हीच गोळी घेतात (हे तुझ्याजवळच ठेव). एसी, टेबलावर पाणी, रक्त घ्यायला माणूस घरी येतो. तेही लपवतातच, डॉक्टर पुण्याचा. पण २०१७ च्या कायद्यानं विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, त्यांची बिलं मीच पाठवतो. दादाचं नाव तर हजेरीपटावरही नाही, विमा कसला?

२०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, म्हणून मी विषय काढला. आई म्हणाली, "सरकारी शिक्का मारून आणू का त्याच्या कपाळावर?" मी गप्प बसलो. सुमीचं जमेपर्यंत तिचंही चुकतंय असं म्हणवत नाही.

दादाची झोप उडाली की तो गच्चीवरून १४४१६ लावतो. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे. कुणाशी तरी मराठीत बोलतो, एवढं बरं.

गणपतीत येशील तेव्हा दोन लिटरची थंड राहणारी बाटली घेऊन ये. त्याच्या बाटलीतलं पाणी भट्टीपाशी दहा वाजताच तापतं. आईनं विचारलं तर ऑफरमध्ये मिळाली म्हण.

तुझा,
दिप्या