प्रतिकृतीवर स्कॅनची तारीखही असावी

महोदय,

गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या अवयवाची त्रिमितीय प्रतिकृती छापून किंवा संगणकावर उभी करून नियोजन करण्याच्या पद्धतीचे कौतुक अलीकडे वारंवार वाचायला मिळते आणि ते रास्तच आहे. ज्या बाळाची महाधमनी आणि फुफ्फुसधमनी या दोन्ही हृदयाच्या उजव्याच खालच्या कप्प्यातून निघतात, त्याच्या हृदयातले छिद्र नेमके कोणत्या धमनीच्या जवळ आहे यावर शस्त्रक्रियेची दिशा बरीचशी ठरते. ते स्कॅनच्या करड्या चित्रांवरून मनात जुळवण्यापेक्षा प्रतिकृती उघडून पाहणे केव्हाही सोपे. जबडा नव्याने उभारताना टायटॅनियमची पट्टीही प्रतिकृतीवर आधीच वाकवून ठेवता येते.

मात्र ही प्रतिकृती तयार कशी होते, हे या कौतुकात क्वचितच येते. सीटी किंवा एमआरआयच्या शेकडो छेदचित्रांवर (शरीराच्या एकेका थराच्या चित्रांवर) अवयवाची सीमा कुठे संपते, हे कोणीतरी ठरवत असते. संगणकाने सीमा आखून दिली, तरी ती मान्य करणारा माणूसच असतो. डोळ्याच्या खोबणीचा तळ अतिशय पातळ असतो. छेद जाड घेतलेले असतील, तर त्या हाडाची छटा आजूबाजूच्या मऊ भागात मिसळते आणि हाड शाबूत असूनही प्रतिकृतीत तिथे चक्क भोक दिसते. हृदयाच्या झडपांच्या पातळ, सतत हलणाऱ्या पाकळ्याही अशाच निसटतात. संगणकावरचे रूप निदान मूळ चित्राशी लगेच ताडून पाहता येते. प्लास्टिकची सुबक वस्तू हातात आली, की (अनुभवी माणसाचीसुद्धा) ती सवय सुटते.

म्हणून प्रत्येक प्रतिकृतीसोबत स्कॅनची तारीख, छेदांची जाडी, सीमा आखणाऱ्याचे नाव आणि ती तपासणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाची सही असावी. गाठ वाढत असेल, तर काही आठवड्यांपूर्वीच्या स्कॅनवरची प्रतिकृती शस्त्रक्रियेच्या दिवशी जुनी झालेली असू शकते. मोडलेल्या हाडासाठी कधीकधी दुसरी, निरोगी बाजू आरशातल्यासारखी उलटवून छापतात. तसे केले असेल तर ते, आणि डावी-उजवी बाजू, प्रतिकृतीवरच ठळक लिहिलेली हवी. संमतीपत्रावर सही घेण्याआधी हीच प्रतिकृती नातेवाइकांच्याही हाती दिली जाते. ती कोणत्या दिवशीच्या स्कॅनवरून केली आहे आणि तिच्यात काय दिसत नाही, हे त्यांनाही त्याच वेळी सांगितले जावे.

— एक वाचक