तक्रार बंद झाली, पण फोनची घंटा वाजत नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लँडलाइन आता कोण वापरतं, असं पुष्कळांना वाटतं. माझी आई वापरते. ती 82 वर्षांची आहे आणि साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जुन्या घरात एकटी राहते. तिला कमी ऐकू येतं. मोबाइलवरचा आवाज तिला फुटका लागतो आणि दगडी भिंतींच्या आत रेंजही धड नसते. जड रिसीव्हर कानाला घट्ट लावला की मात्र ती नीट बोलते. तिचा नंबर आमच्या लहानपणापासून तोच आहे. गेल्या वर्षी कंपनीने तांब्याची तार काढून फायबर दिलं. नंबर तोच राहिला आणि इंटरनेटही मिळालं, म्हणून आम्ही आनंदाने होकार दिला.

त्यानंतर तिच्या घरी फोन येणं हळूहळू बंद झालं. हे आमच्या लक्षात यायला दोन महिने लागले, कारण तिच्याकडून फोन लागत होता. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती मला डोंबिवलीला फोन करायची. आपल्याला कोणी फोन करत नाही याची खंत तिने बोलून दाखवली नाही. इकडे नातेवाईक म्हणायचे, ‘वहिनींना फोनच लागत नाही.’ पावसाळ्यात कऱ्हाडला माझे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, गेले. मामींच्या घरून तिला पहाटेपासून फोन लावत होते. मी त्या दिवशी प्रवासात होते. आईला बातमी कळली तेव्हा सगळं आटोपलं होतं. सातारा ते कऱ्हाड अंतर तासाभराचं आहे. तिला भावाचं शेवटचं दर्शन मिळालं नाही. हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे.

तक्रार मी तीनदा केली. तिन्ही वेळा माणूस आला, हे कबूल करायला हवं. त्याने रिसीव्हर उचलला, डायल टोन ऐकली, स्वतःच्या मोबाइलवर फोन लावून पाहिला आणि ‘लाइन ओके आहे, आजी’ म्हणून तो गेला. (15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो. आईने तशी चिठ्ठी फोनवर चिकटवून ठेवली आहे.) संध्याकाळपर्यंत मला मेसेज यायचा, तक्रारीचं निवारण झालं. बाहेरून त्या नंबरवर फोन लावून घंटा वाजते का, हे तिघांपैकी एकानेही पाहिलं नाही.

शेवटी एका शनिवारी मी वही घेऊन आईकडे बसले आणि मोबाइलवरून दर दहा मिनिटांनी तिच्या नंबरवर फोन लावला. फायबरचा डबा बंद करून चालू केला की घंटा वाजायची. आईने कुणाला फोन केला की त्यानंतरही काही मिनिटं वाजायची. मग बंद. मोबाइलवर नुसती शांतता, आणि काही सेकंदांनी कॉल तुटायचा. ती वही घेऊन मी कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथल्या एका तरुण अभियंत्याने ती लक्षपूर्वक वाचली आणि दोन वाक्यांत दुखणं सांगितलं. त्याचे मी मनापासून आभार मानते.

तांब्याच्या तारेचं एक टोक एक्सचेंजमध्ये आणि दुसरं आपल्या घरात असायचं. नंबर म्हणजे ती तार. फायबरवर तसं नसतं. घरातला डबा ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला कळवतो की हा नंबर या ठिकाणी आहे. ही नोंद ताजी असेल आणि तिथपर्यंतची वाट उघडी असेल, तरच आलेला कॉल घरी पोहोचतो. आपण फोन करतो तेव्हा वाट आपणच उघडतो, म्हणून जाणारा कॉल लागतो. आईकडे फायबरचा डबा वेगळा आणि फोन जोडलेला राउटर वेगळा होता. दोघांमध्ये थोडा वेळ काही देवाणघेवाण झाली नाही की पहिला डबा वाट बंद करायचा. फोनच्या राउटरची पुढची हजेरी तर तासाने होती. मधला सगळा वेळ आईचा फोन बाहेरच्या जगासाठी नव्हताच. अभियंत्याने हजेरीची वेळ तासावरून काही मिनिटांवर आणली आणि राउटरमधलं ‘सिप एएलजी’ नावाचं सेटिंग बंद केलं. हे सेटिंग मदतीसाठी असतं, पण पुष्कळदा तेच कॉल अडवतं. काम पंधरा मिनिटांत झालं.

ज्यांच्या घरी असा त्रास आहे त्यांनी एक गोष्ट आधी करावी. फोन करणाऱ्याला नेमकं काय ऐकू येतं ते विचारावं. ‘लागत नाही’ एवढ्यावर थांबू नये. त्याला रिंग ऐकू येत असेल आणि घरात घंटा वाजत नसेल, तर कॉल बहुधा डब्यापर्यंत पोहोचला आहे. दोष घरात आहे: फोनचा रिंगर बंद असेल, वायर सैल असेल किंवा एका लाइनवर जास्त फोन जोडलेले असतील. जुन्या घंटेच्या फोनला वाजायला ताकद लागते. एक्सचेंज ती सहज पुरवायचं, छोट्या डब्याला ती दोन-तीन फोनांना पुरत नाही. आईच्या माजघरातला दुसरा फोन आम्ही काढला तेव्हा दिवाणखान्यातला फोन पूर्वीसारखा खणखणीत वाजू लागला. लगेच एंगेज टोन येत असेल तर कुठला तरी रिसीव्हर नीट ठेवलेला नसेल, किंवा ‘व्यत्यय नको’चं बटण दाबलं गेलं असेल. एक रिंग होऊन कॉल दुसरीकडे जात असेल तर कॉल फॉरवर्डिंग तपासावं. आणि शांतता होऊन कॉल तुटत असेल तर नोंदीचा दोष धरावा आणि कंपनीला त्याच शब्दांत सांगावं. मोबाइलवरून फोन करणाऱ्यांनी एसटीडी कोड लावला आहे ना, तेही पाहावं. आमच्या एका चुलत बहिणीने आईचा नंबर 02162 शिवायच साठवून ठेवला होता.

विजेचं तर आम्हाला कुणी सांगितलंच नाही. जुन्या तारेवर एक्सचेंजच्या बॅटऱ्यांमधून 48 व्होल्टचा पुरवठा यायचा, म्हणून वीज गेली तरी फोन चालायचा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. वादळात वीज गेली की डबा बंद आणि फोनही बंद, म्हणजे एकट्या म्हाताऱ्या माणसाला फोनची गरज असते नेमक्या त्याच वेळी. वीज परत आल्यावर डबा सुरू होऊन नंबरची नोंद व्हायलाही काही मिनिटं जातात. आम्ही आता राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवला आहे. डब्याच्या लेबलवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते पाहूनच तो घ्यावा लागतो, आणि दोन डबे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. तांबं काढायला आलेल्या माणसाने हे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

दूरसंचार कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. फोनची तक्रार बंद करण्याआधी बाहेरून त्या नंबरवर फोन लावा, घंटा वाजू द्या आणि घरातल्या माणसाने तो उचलू द्या. तासाभराने पुन्हा एकदा लावून पाहा, कारण आमच्याकडचा दोष लगेच दिसणारा नव्हता. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2012 च्या नियमांप्रमाणे तक्रारीचा डॉकेट नंबर मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. निवारण समाधानकारक वाटलं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माझ्या तिन्ही तक्रारींचे नंबर घालून मी तसं अपील केलं आहे. फोन आता चालू असतानाही केलं आहे, कारण कंपनीच्या नोंदीत आईचा फोन त्या पहाटेही चालूच होता.

आपली वाचक,
डोंबिवली
(कृपया नाव छापू नये.)