पदराच्या गाठीतली टरफलं : शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना खुलं आभारपत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

शाळेत जेवणानंतर मुलं ओकायला लागली की पहिलं बोट खिचडीकडे जातं आणि दुसरं ती शिजवणाऱ्या बाईकडे. त्या दुपारीही तसंच झालं. तांदूळ कधीचा होता, तेल कुठलं, पाणी कोणत्या टाकीतलं, असे प्रश्न तुमच्यावर चहूकडून येत होते. तुम्ही वाद घालत बसला नाहीत. पातेल्यावर झाकण ठेवलंत, बाजूला काढून ठेवलेला खिचडीचा नमुना गुरुजींच्या हाती दिलात आणि सरळ मुलांपाशी जाऊन बसलात. मुलांबरोबर रुग्णालयात आलात तेव्हा तुमच्या पदराच्या गाठीत काळ्या बियांची टरफलं, एक न फुटलेलं पिवळं फळ आणि पानांसकट फांदीचा शेंडा होता.

आम्हा रुग्णालयातल्या माणसांचे आभार त्या गाठीसाठी आहेत. पत्र खुलं लिहितोय, कारण तुम्ही केलंत ते प्रत्येक शाळेतल्या मावशीला, शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना माहीत असायला हवं.

फांदी बघताच ओळख पटली : मुलांनी शाळेच्या कुंपणावरच्या चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या होत्या. कुणी मोगली एरंड म्हणतं, कुणी रान एरंड. पान तळहाताएवढं, देठाशी हृदयासारखं, कडेला तीन ते पाच उथळ कोपरे. खऱ्या एरंडाचं पान बोटं फाकवल्यासारखं खोल कापलेलं असतं आणि त्याच्या फळावर मऊ काटे असतात; चंद्रज्योतीचं फळ गुळगुळीत. ते आधी हिरवं, मग पिवळं, शेवटी काळपट होऊन वाळतं आणि फुटतं. आत बहुधा तीन बिया, प्रत्येक जवळपास दोन सेंटिमीटर लांब, काळी, वरून बारीक तडे गेल्यासारखी. टरफल फोडलं की पांढरा, तेलकट गर. हा गर चवीला वाईट लागत नाही, शेंगदाण्यासारखा लागतो, आणि सगळा घात तिथेच होतो. कडू असता तर पहिल्याच घासाला मुलांनी थुंकला असता.

या गरात दोन वेगळी विषं आहेत. एक कर्सिन नावाचं प्रथिन. पेशी ज्या यंत्रणेवर स्वतःची प्रथिनं तयार करते, तीच ते बंद पाडतं. एरंडातलं रायसिन आणि गुंजेतलं अब्रिन याच कुळातली आहेत, पण त्या दोघांना पेशीत शिरायला मदत करणारा एक जास्तीचा भाग असतो. कर्सिनला तो नाही, म्हणून त्याचं पेशीत शिरणं अवघड जातं. दुसरं विष म्हणजे फोर्बोल एस्टर. हे तेलात विरघळतं आणि पोटाच्या, आतड्याच्या अस्तराची जबर आग करतं. भाजल्यावर कर्सिन मोडतं, फोर्बोल एस्टर टिकून राहतं. म्हणून ‘भाजून खाल्ल्या तर चालतात’ हे सपशेल खोटं आहे. मेक्सिकोच्या काही भागात या बिया भाजून खातात, हे खरं. पण तिथल्या त्या झाडांच्या वाणांत फोर्बोल एस्टर जवळपास नसतंच. आपल्या कुंपणावरची झाडं त्या वाणाची नाहीत.

दोन-तीन बियाही पुरतात. अर्ध्या तासापासून काही तासांत घशात जळजळ, मग पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, गरगरणं. बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत बरी होऊन घरी जातात, पण मधल्या वेळात अंगातलं पाणी किती झपाट्यानं जातं, यावर सगळं अवलंबून असतं. या विषावर उतारा नाही. गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढत राहणं हाच उपचार.

मग नाव कळून एवढा काय फरक पडला, असं कुणी विचारेल. मावशी, फार फरक पडला.

चंद्रज्योतीच्या काही रुग्णांत डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. उलट्या, जुलाब आणि बारीक बाहुल्या, शिवाय शेतीचा भाग : अशा वेळी डॉक्टरच्या मनात आधी फवारणीचं औषध येतं आणि हात ॲट्रोपिनकडे जातो. कीटकनाशकाच्या विषबाधेत तेच ॲट्रोपिन जीव वाचवतं. गरज नसताना मोठ्या मात्रेत दिलं तर मूल तापतं, बरळतं, नाडी धावू लागते. बी बिट्टीची म्हणजे पिवळ्या कण्हेरीची असती, तर धोका थेट हृदयाला होता. नाडी मंदावते, ठोके चुकतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं. मुलं हसतीखेळती दिसली तरी त्यांना ईसीजीवर नजर ठेवून किमान दिवसभर ठेवावं लागलं असतं. धोतरा असता तर चित्र उलटं : तोंड कोरडं, अंग लाल आणि गरम, बाहुल्या मोठ्या, मूल हवेत काहीतरी पकडू बघतंय. एरंड किंवा गुंज चावून खाल्लेली असती तर सुरुवातीचे काही तास शांत गेले असते आणि पुढच्या दिवसांत यकृत, मूत्रपिंड यांना इजा झाली असती. गुंज आणि एरंड न चावता गिळली तर टणक कवचामुळे बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर गोष्ट वेगळी. म्हणजे ‘कसली तरी बी खाल्ली’ एवढ्या वाक्यात पाच वेगवेगळे उपचार दडलेले असतात. तुमच्या गाठीनं त्यातले चार आमच्यासमोरून बाजूला केले.

दुसरी गोष्ट तुम्ही मुलांना विचारलंत कसं, ही. धाकात विचारलं की मूल ‘मी नाही खाल्लं’ म्हणतं आणि दोन तासांनी बेशुद्धीच्या वाटेवर सापडतं. तुम्ही विचारलंत, ‘चव कशी होती रे?’ मुलं भडाभडा बोलली. कुणी दोन, कुणी सात, कुणी मोजल्याच नाहीत. तुम्ही वहीच्या पानावर नावापुढे बियांचा आकडा आणि वेळ लिहून आणलीत. ज्यांना अजून काहीच होत नव्हतं, त्यांनाही गाडीत बसवलंत. हे शेवटचं फार कमी लोकांना सुचतं. लक्षणं उशिरा सुरू होणारं मूल घरी पाठवलं जातं आणि रात्री एकटं पडतं.

त्याच कागदावर खिचडीचा निकालही लागला होता. घरून डबा आणणारा, खिचडी न खाल्लेला एक मुलगा आजारी होता, आणि खिचडी खाऊन कुंपणाकडे न फिरकलेलं एकही मूल आजारी नव्हतं. अन्नातून झालेली विषबाधा शोधताना हाच प्रश्न आधी विचारायचा असतो : ते न खाता कोण आजारी पडलं, आणि खाऊनही कोण धडधाकट राहिलं? शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात जंतूंचं विष तयार होऊ शकतं आणि पुन्हा गरम करूनही ते जात नाही, हे खरं. पण चुलीवरून उतरवून गरम वाढलेल्या खिचडीला तेवढा वेळच मिळालेला नसतो. नमुना राखून ठेवण्याचा नियम तुमच्यासारखी माणसं पाळतात, म्हणून अशा वेळी निर्दोष माणूस निर्दोष ठरू शकतो. ज्यांनी त्या दुपारी तुम्हाला बोल लावले, त्यांनी हे पत्र वाचावं अशी आमची मनापासून इच्छा आहे.

तुम्ही काय करू दिलं नाहीत, त्याचेही आभार. कुणीतरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला निघालं होतं, तुम्ही अडवलंत. लहान मुलाला घट्ट मिठाचं पाणी पाजलं तर रक्तातलं सोडियम एकदम चढतं. आकडी येते, मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. घशात बोटं घातली तर उलटी श्वासनलिकेत उतरू शकते. शिवाय इथे विष स्वतःच उलट्या करवतंय, आणखी उलटी काढून मिळवायचं काय? कुणी तूप आणलं होतं. विष तेलात विरघळणारं, त्यावर तूप पाजून काहीच साधत नाही. जुलाब थांबवायच्या गोळ्याही मुलांना द्यायच्या नाहीत. गुंगीतल्या मुलाला कुशीवर वळवून ठेवायचं, उताणं नाही, हेही तुम्ही केलंत.

आणि गाडीत सुरू केलेलं ओआरएस. एक पाकीट, एक लिटर स्वच्छ पाणी, पूर्ण पाकीट एकदम. अर्धं पाकीट अंदाजानं एका पेल्यात टाकलं की द्रावण जास्त खारट होतं आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग दर एक-दोन मिनिटांनी एक-एक चमचा. घटाघट पाजलं की सगळं बाहेर येतं आणि लोक म्हणतात, ‘याला ओआरएस झेपत नाही.’ मूल सुकायला लागलं असेल तर चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर लागतं, म्हणजे २० किलोच्या मुलाला दीड लिटर. त्याखेरीज दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर. डोळे खोल गेलेले, पोटाच्या कातडीची चिमट सावकाश बसतेय, सहा तास लघवी नाही, मूल झोपाळलेलं किंवा शौचात रक्त : यातलं एक जरी दिसलं तरी नुसत्या चमच्यावर विसंबायचं नाही, डॉक्टरांनी लगेच तपासायला हवं; सलाईन लागू शकतं. औषधी (ॲक्टिव्हेटेड) कोळशाची पूड, चुलीतल्या कोळशाची नव्हे, किलोमागे एक ग्रॅम, तासाभराच्या आतच उपयोगी पडते, तीही उलट्या होत नसलेल्या, शुद्धीवरच्या मुलात आणि रुग्णालयातच.

आता त्या कुंपणाविषयी. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, फांदी खोचली की जगते, म्हणून बांधावर आणि शाळांच्या कडेला ते पसरलं. बियांत ३० ते ४० टक्के तेल, म्हणून बायोडिझेलसाठीही त्याचा गवगवा झाला. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं लागवडीची शिफारस केली, २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. तेल तेवढं निघालं नाही, झाडं मात्र राहिली. ती लावताना शेजारच्या शाळेतली मुलं कुणाच्या हिशेबात नव्हती, याचा आम्हाला आजही राग येतो.

तुम्ही ग्रामसभेत कुंपण काढायचा विषय मांडणार आहात असं कळलं. त्यासाठी चार गोष्टी. फळं पिकायच्या आधी, म्हणजे पावसाळ्यातच काढा. नुसती छाटणी करू नका, बुंधा मुळासकट उपटा, आणि तोडलेल्या फांद्या ओल्या मातीवर टाकू नका, तिथेच मूळ धरतात. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं. मुलं या चिकाचे फुगे उडवतात, ते थांबवा. आणि त्या जागी शेर किंवा पिवळी कण्हेर लावू नका! शेराचा चीक डोळ्यांना चंद्रज्योतीपेक्षा वाईट, कण्हेरीचं वर सांगितलंच. मेंदीचं कुंपण घाला, नाहीतर साधी जाळी. कुंपण निघेपर्यंत फळं धरायच्या महिन्यांत रोज सकाळी खाली पडलेल्या बिया झाडून पुरायच्या. हे काम मुलांकडून करून घ्यायचं नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७. दुसरा डॉक्टरांनाही उपयोगी आहे. कोणत्या बीवर काय करायचं, ते तिथे विचारता येतं.

तुम्ही आणलेलं फळ आणि टरफलं आम्ही वाळवून अपघात विभागात काचेच्या बाटलीत बंद करून ठेवली आहेत, कुलपाच्या कपाटात. बाटलीवर चिठ्ठी आहे : नाव, कुठे सापडलं, लक्षणं, उपचार. रात्रपाळीला नवा डॉक्टर आला की आधी ती बाटली बघतो. शेजारी बिट्टी, गुंज, धोतरा आणि एरंड यांच्या चार रिकाम्या बाटल्या ठेवल्या आहेत. तुमच्या गावच्या ओढ्याकाठी बिट्टीची झाडं आहेत असं तुम्हीच म्हणाला होतात. पुढच्या वेळी इकडे याल तेव्हा एक सुकलेलं फळ कागदात बांधून आणाल का? पहिल्या चिठ्ठीवर ‘नमुना कोणी आणला’ या ओळीपुढे तुमचं नाव लिहिलं आहे, दुसरीवरची ती ओळ कोरी ठेवली आहे.

आपले कृतज्ञ,
ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागातले आणि बालरुग्ण कक्षातले डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते