दहा दिवसांची औषधे आणि जन्मभराचा आमवात: आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: आमवात, ल्युपस व तत्सम स्वयंप्रतिकार आजारांच्या रुग्णांना ओपीडीतच औषधे आणि तपासण्या मिळण्याबाबत

महोदय,

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णाला घरी सोडल्यावर दहा दिवसांची औषधे मिळतात. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटणारा आजार. त्यावरचे पहिले औषध मेथोट्रेक्सेट. त्याचा गुण दिसू लागायलाच सहा ते आठ आठवडे जातात, पूर्ण परिणाम कळायला तीन महिने, आणि पुढे बहुतेकांना ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मुळात हा रुग्ण भरतीच होत नाही. तो केसपेपर काढतो, चिठ्ठी घेतो आणि बाहेरच्या मेडिकलमध्ये जातो. भरती होतो तो आजार हाताबाहेर गेल्यावर: ल्युपसने (तीच प्रतिकारशक्ती त्वचा, मूत्रपिंडे अशा अवयवांवरही उलटते तो आजार) मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिससाठी, खुब्याचा सांधा झिजून गेला की तो बदलण्यासाठी. या दोन्हींना योजनेत पैसे आहेत. ती वेळ येऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळ्यांना नाहीत. आमचे म्हणणे एवढेच आहे. पुढे आहे तो त्याचा तपशील.

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६१ लाख लोक. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची जी पाहणी झाली, तीत आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. तोच हिशेब इथे लावून ३८ लाख प्रौढ धरले, तर एकोणीस हजारांच्या आसपास आमवाताचे रुग्ण निघतात. ल्युपस, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (कणा आखडणारा), स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा) हे त्याच कुळातले आजार त्याखेरीज. आमवातात बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, ल्युपसमध्ये दहातल्या नऊ, आणि त्याही ऐन कामाच्या, बाळंतपणाच्या वयाच्या. संधिवाततज्ज्ञ मात्र नाशिक शहरात, बहुतेक खासगीत. सरकारी दवाखान्यात हा रुग्ण फिजिशियन आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांच्यात टोलवला जातो.

नाशिक शहरात गंगापूर रोडवर राहणाऱ्या शिक्षिकेची बोटे सुजली तर महिन्याभरात निदान होते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या मजूर बाईचे व्हायला वर्ष-दोन वर्षे लागणे नवलाचे नाही. आजार तोच, औषधही तेच. फरक पडतो तो हातात. आमवात बोटांची मुळे आणि मधले पेर धरतो. पहिल्या वर्षातच हाडाला खाचा पडू लागतात आणि पडलेली खाच भरून येत नाही. दिंडोरी-निफाडच्या बागांत द्राक्षाची विरळणी करायची तर घड एका हातात हलका धरून दुसऱ्या हाताने बारीक कात्री चालवावी लागते, तीही दिवसभर. ज्या बाईची मूठ सकाळी दोन तास मिटत नाही तिला मुकादम दुसऱ्या दिवशी बोलावत नाही. तिच्या उत्पन्नाची घसरण कोणत्याही नोंदीत येत नाही, कारण तिची नोंदच नसते.

सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याचा उपयोगही होतो. पण केसपेपरची खिडकी सकाळची, त्यासाठी पहिली गाडी पकडायची, आणि आमवाताचा रुग्ण सर्वांत जास्त आखडलेला असतो तो नेमका पहाटे. या रुग्णांची ओपीडी दुपारी बारानंतर ठेवली तर एक पैसाही लागत नाही, फक्त आदेश लागतो. सुरगाण्यातल्या काही गावांनी डिसेंबर २०२२ मध्ये आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली होती. त्यांच्या तक्रारींत दवाखानाही होता, हे आपल्याला आठवत असेल.

निदान कुठे अडते? पहिला अडथळा चाचणीच्या चुकीच्या वाचनाचा. आरए फॅक्टर ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह म्हणजे आमवात आणि निगेटिव्ह म्हणजे नाही, असे सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात आमवाताच्या पाचातल्या एकाचा तरी आरए फॅक्टर निगेटिव्ह असतो. उलट क्षयरोगात, कावीळ ब आणि क मध्ये, नुसत्या वयोमानानेही तो पॉझिटिव्ह येतो. त्याहून वाईट एएसओ, म्हणजे घशाचा जंतुसंसर्ग होऊन गेल्याची खूण दाखवणारी रक्तचाचणी. तो वाढलेला दिसला की संधिज्वर समजून मोठ्या माणसालाही दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते आणि वर्षभर चालते. तोवर सांधे गेलेले असतात. चिकनगुनियाच्या साथीनंतर तर सगळीच सांधेदुखी त्या खात्यावर जमा होते. चिकनगुनियाचे सांधे महिनोन्महिने दुखू शकतात हे खरे, म्हणूनच कुणाला पुढे पाठवायचे याची रेषा आखून द्यायला हवी. ती अशी: सांध्याला दुखण्याबरोबर सूज आहे, ती सहा आठवड्यांवर टिकली आहे, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त आहे, आणि हस्तांदोलन करताना बोटांची मुळे दाबली की रुग्ण हात मागे घेतो. यातले हात दाबून पाहणे आशाताईंनाही शिकवता येते. आदिवासी तालुक्यांत त्याच वेळी सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) चाचणीही करावी, नाही तर हाडांच्या त्या वेदना संधिवात म्हणून खपतात.

दुसरा अडथळा पुडीचा. बाजारच्या दिवशी बिननावाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या मिळतात. दोन दिवसांत सूज उतरते, नाव आयुर्वेदाचे, काम बहुधा स्टेरॉइडचे. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षय उसळतो. आणि पुडी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतते. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याने "ते आधी बंद करा" असे म्हणू नये. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचाच ठरलेला डोस देऊन तो आठवड्या-आठवड्याने उतरवावा. अन्न व औषध प्रशासनाने आठवडे बाजारातून नमुने उचलले पाहिजेत. हे खाते आपले नाही याची कल्पना आहे, पण पत्र आपल्या खात्यातून गेले तर हलते.

आता औषधाबद्दल, कारण ते नुसते पुरवून भागत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. शंभरातल्या नव्व्याण्णव गोळ्या रोज घेतात, त्यामुळे हीही रोज घेतली जाते: चिठ्ठीवर घाईत लिहिलेला इंग्रजी शब्द वाचता येत नाही, मेडिकलवाला "सकाळ-संध्याकाळ" सांगून मोकळा होतो. आठ-दहा दिवसांत तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि रुग्ण दगावू शकतो. हे टाळायला चार गोष्टी पुरतात. जिल्ह्याच्या भांडारात २.५ मिलिग्रॅमचीच गोळी ठेवा. १० मिलिग्रॅमची त्याच कपाटात आली की १५ मिलिग्रॅमसाठी सांगितलेल्या सहा गोळ्यांचे ६० मिलिग्रॅम होतात. एका वेळी चार आठवड्यांच्याच गोळ्या, प्रत्येक आठवड्याच्या वेगळ्या पाकिटात द्या. पाकिटावर वार मराठीत लिहा, आणि तो वार शक्यतो गावच्या आठवडे बाजाराचा ठेवा. तारीख विसरते, बाजार विसरत नाही. फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी दुसऱ्या दिवशी. मालेगावात हेच उर्दूत, कळवण-सटाण्याकडे तोंडी अहिराणीत.

याच्या जोडीला दोन सूचना सगळ्या आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर हव्यात. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्याला लघवीच्या जंतुसंसर्गावर कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक द्यायचे नाही. दोन्ही औषधे मिळून रक्त बनवणारी अस्थिमज्जा बंद पाडतात. आणि मूल हवे असेल तर मेथोट्रेक्सेट किमान तीन महिने आधी थांबवायचे, तोवर पाळणा लांबवायचे साधन द्यायचे. जिल्हा रुग्णालयात ल्युकोव्होरिनची इंजेक्शने कायम असावीत. चुकून रोज गोळी घेतलेल्यावर तोच उतारा आहे आणि तो तासांत द्यावा लागतो.

देखरेख अवघड नाही. मेथोट्रेक्सेट सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, कावीळ ब आणि क, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृताची चाचणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची). पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी शेवटच्या तीन चाचण्या, नंतर दर तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली गेल्या, एसजीपीटी नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर गेले, किंवा कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली की गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचे नमुने नेऊन तपासण्याची महालॅबची सोय राज्यात आहे. त्या यादीत "मेथोट्रेक्सेट देखरेख" असा एक संच टाकला की नव्वद किलोमीटरची फेरी वाचते.

खर्चाचे म्हणाल तर १५ मिलिग्रॅमच्या एका रुग्णाला आठवड्याला सहा, वर्षाला ३१२ गोळ्या. पहिल्या वर्षी दोन हजार जणांची नोंद झाली तरी सव्वासहा लाख गोळ्या. मेथोट्रेक्सेट आणि याच आजारांवरची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व सल्फासालाझिन ही तिन्ही राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत; पण ई-औषधीवर (सरकारी औषधसाठ्याच्या ऑनलाइन प्रणालीवर) मागणीच नोंदली नाही तर मोफत काय मिळणार? आणि मागणी नोंदत नाहीत, कारण मागच्या वर्षीचा खप शून्य. खप शून्य, कारण औषध नव्हते. हे चक्र खालच्या दवाखान्यातल्या औषधनिर्मात्याला (फार्मासिस्टला) तोडता येत नाही; वरून पहिला साठा पाठवावा लागतो.

ल्युपसबद्दल वेगळे लिहायला हवे. उन्हात राबणाऱ्या बाईच्या गालांवरचा चट्टा वांग म्हणून सोडून दिला जातो. सावळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही, काळपट-जांभळा दिसतो. वांग दुखत नाही आणि त्यामागे ताप नसतो. ल्युपसचा चट्टा उन्हाने भडकतो, नाकाच्या बाजूची घडी बहुधा सोडतो, आणि जोडीला तोंडात व्रण, केसगळती, सांधे, पायावर सूज. प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू, ताप लांबला की टायफॉइड किंवा क्षय, असे करत मूत्रपिंडाचे महिने निघून जातात. यावर सर्वांत स्वस्त हत्यार उपकेंद्रात आधीच आहे: गरोदर बाईच्या लघवीतले प्रथिन पाहण्याची पट्टी. तीच पट्टी ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाला महिन्यातून एकदा लावायची. पट्टीवर प्रथिन दोन अधिक (++) किंवा त्याहून जास्त आले, किंवा रक्तदाब वाढला, की त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात पाठवायचे. मूत्रपिंडाची सूज वेळेत धरली तर मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइडने आवरता येते.

दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी होते. तिथे ल्युपसची बाई आली की "गरोदरपणात औषधे नकोत" म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद करतात. ते चालूच ठेवायचे असते. बंद केले की आजार उसळतो आणि आई-बाळ दोघेही धोक्यात येतात. डोस वजनाच्या किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या आत, डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पाहायचा, बस्स. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची अँटिफॉस्फोलिपिड चाचणी (रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची) जिल्हा पातळीवर झालीच पाहिजे. आज तिला देवऋषी आधी भेटतो.

आम्ही नवे रुग्णालय मागत नाही. बायोलॉजिक इंजेक्शनेही (प्रतिकारशक्तीचा नेमका एक दुवा रोखणारी) सगळ्यांना मागत नाही. ती लागतात थोड्यांना, आणि आधी क्षयाची तपासणी केल्याशिवाय देऊही नयेत. हवे आहे ते असे. नाशिकचे जिल्हा रुग्णालय, मालेगावचे सामान्य रुग्णालय आणि कळवणचे उपजिल्हा रुग्णालय इथे आठवड्यातून एक दुपार या आजारांची ओपीडी. संधिवाततज्ज्ञ मानधनावर घ्यावा. मिळाला नाही तर फिजिशियनच्या मागे ई-संजीवनीवर (सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवर) बसवावा. एनसीडी (असंसर्गजन्य आजार) क्लिनिकच्या नोंदवहीत रक्तदाब-मधुमेहाशेजारी आणखी एक रकाना, म्हणजे रुग्ण यायचा थांबला तर कळेल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे; त्याने वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण आखावे, आणि त्यात भाषणे कमी, सुजलेले सांधे हाताने तपासणे जास्त असावे. फुले योजनेत आमवात आणि ल्युपससाठी भरतीविना वार्षिक ओपीडी पॅकेज: औषधे, चार वेळच्या चाचण्या, दोनदा तज्ज्ञांची भेट.

दिव्यांग प्रमाणपत्राचे एक राहिले. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हे आजार नाहीत. सांधा वाकडा होऊन दिव्यांगत्वाचे टक्के भरले तरच अस्थिव्यंगात बसवतात. म्हणजे उपचार नीट घेऊन हात वाचवला तर काही नाही, वाकू दिला तर पेन्शन. कायदा केंद्राचा असला तरी राज्याच्या निराधार योजनेत दुर्धर आजारांची यादी आपल्या सरकारच्या हातात आहे.

पुढच्या वर्षाची औषध मागणी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे जाईल तेव्हा नाशिक जिल्ह्याच्या तक्त्यात मेथोट्रेक्सेट २.५ मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम आणि सल्फासालाझिन ५०० मिलिग्रॅम या चार ओळी आहेत का, हे आपण स्वतः पाहावे. आकडे भरून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
नाशिक जिल्ह्यात या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते