यकृत म्हणजे पालीची शेपटी नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या अंकातील यकृतदानाची बातमी वाचली. त्या गृहस्थांना जीवदान मिळाले याचा आनंद आहेच, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे कौतुकही योग्यच आहे. मात्र 'यकृत पुन्हा उगवत असल्याने दात्याला कोणताही त्रास होत नाही' हे वाक्य आपल्या वार्ताहरांनी कोणाला विचारून लिहिले, हे कळले तर बरे होईल. दात्याला विचारून नक्कीच नव्हे. सहा वर्षांपूर्वी मी माझ्या पतीला यकृताचा उजवा भाग दिला, त्यामुळे या बाबतीत दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

'उगवते' म्हणताना वार्ताहरांच्या डोळ्यांसमोर बहुधा पालीची शेपटी असावी. कापून दिलेला भाग परत येत नाही. मागे उरलेला भागच वाढतो आणि काही महिन्यांत बरीचशी तूट भरून काढतो. म्हणूनच दात्याकडे किमान तीस टक्के यकृत राहिलेच पाहिजे, यावर डॉक्टर अडून बसतात. माझे चौतीस टक्के राहणार होते, पण त्यावर चरबी असल्यामुळे दोन महिने रोज पहाटे कृष्णाकाठी चालून वजन उतरवले, तेव्हा कुठे होकार मिळाला. उजव्या भागाबरोबर पित्ताशयही काढतात, आणि ते काही उगवत नाही. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी, दाता दगावण्याची शक्यता दोनशे ते पाचशेत एक असल्याचे आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले होते. आपल्या 'कोणताही त्रास नाही'मध्ये हे कुठे बसते?

घरी आल्यावर मला अंथरुणातून सरळ उठता येत नसे. आधी कुशीवर वळायचे, मग खाटेची कड धरून बसते व्हायचे. खोकला येणार असे वाटले की पोटाशी उशी घट्ट दाबून धरायची. तीन महिने पाण्याची भरलेली बादली उचलायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

पण खरा त्रास पुढेच होता. मी एका पतपेढीत नोकरी करते. वैद्यकीय रजेचा अर्ज दिला, तेव्हा आमच्या आस्थापना विभागातील लिपिक अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मॅडम, आजारी साहेब होते, तुम्ही नव्हे." मी निरोगी असताना स्वखुशीने पोट फाडून घेतले, सबब ते आजारपण होत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. वाद वाढला तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून एका वर्तमानपत्राचे कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले आणि 'लिव्हर परत येतं' या ओळीवर बोट ठेवले. ते कात्रण आपल्या वर्तमानपत्राचे होते की दुसऱ्या कोणाचे, हे आता आठवत नाही; भाषा मात्र हीच होती. अठ्ठावन्न दिवसांची रजा मंजूर झाली, ती बिनपगारी, आणि तीही यजमान घरी बसून असताना. केंद्र सरकारने 2023 पासून आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी 42 दिवसांपर्यंतची विशेष नैमित्तिक रजा दिली आहे. तेथील कोणाच्या खणात असले कात्रण नसावे.

आता लिहायला बसलेच आहे, तर आणखी एक. बातमीत रुग्णाचे नाव आहे, गाव आहे, डॉक्टरांची नावे पदव्यांसह आहेत, पुष्पगुच्छ देणाऱ्या पाहुण्यांचेही नाव आहे. यकृत देणाऱ्या बाईचा उल्लेख मात्र सबंध बातमीत 'पत्नी' एवढाच आहे. आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच अधिक असतात, मग बातमी लिहिताना त्यांची नावे विचारायचे कसे राहून जाते? आमच्या वेळी नात्याची खातरजमा करताना लग्नाच्या दाखल्याबरोबर लग्नातले फोटोसुद्धा न्यावे लागले होते. त्या दिवशी माझे नाव इतक्या वेळा विचारले गेले की शेवटी मीच हसू लागले. आपल्या वार्ताहरांनी एकदा विचारले असते, तरी पुरे होते.

माझे नाव मात्र कृपया छापू नये. पतपेढीत अजून तीन वर्षे काढायची आहेत.

आपली,
एक वाचक, सांगली